मदत हवी आहे: खाज्यांसाठी नवं पाकीट

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आमचं घर, तीन पिढ्या जत्रांत खाजे विकतो. बेसनाच्या कांड्या, वर गूळ-आल्याचा पाक. आजीपासून वर्तमानपत्राची पुडी चालत आली; छापील शाई पोटात जाते, म्हणून आता ती बंद केली. पण साध्या प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात दोन दिवसांत गूळ पाझरतो, कांड्यांचा एकच गोळा होतो. ओल न धरणारी, थोड्या संख्येत छापून मिळणारी पाकिटं कुठे मिळतील?

पाकिटावर आजीच्या अक्षरातलंच नाव हवं, असा बाबांचा हट्ट आहे, आणि मलाही ते पटतं. गोव्याच्या खाज्यांना जीआय, म्हणजे पदार्थाचं नाव त्याच्या मूळ प्रदेशाशी जोडणारं भौगोलिक मानांकन आहे. त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी कोणी केली असेल तर कृपया सांगा, कागद काय काय लागले?