मदत हवी आहे: एक्सएसएलटी १.० (एक्सएमएल डेटाचं रूप बदलायची भाषा) मध्ये चाइल्डच्या (नोडच्या आतल्या घटकांच्या) नावांवरून की (शोधसूची) कशी बांधायची?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जिनिंगचा कापूस खरेदीचा डेटा एक्सएमएलमध्ये आहे. प्रत्येक 'पावती' नोडखाली चाइल्ड वेगळे: कुठे 'वजन', 'भाव', 'ओलावा', कुठे 'ओलावा' नाहीच, पण 'कपात' अन् 'हमाली' आहे. ज्या पावत्यांत नेमके तेच चाइल्ड आहेत, त्यांचा एकेक गट हवा. आतल्या आकड्यांशी घेणंदेणं नाही, फक्त नावं जुळावीत.

की बांधताना मॅच (कोणते नोड घ्यायचे) 'पावती' आणि यूज (कशावरून शोधायचं) नेम(*) दिलं, तर पहिल्याच चाइल्डचं नाव येतं. मॅच 'पावती/*', यूज नेम() केलं, तर 'ओलावा' असलेल्या पावत्या पॅरेंटवर जाऊन बरोबर सापडतात, पण पूर्ण संच जुळत नाही. कॉनकॅटने नावं जोडली, तर चाइल्डचा क्रम बदलला की गट फुटतो. शिवाय चाइल्डची संख्या ३ ते ९ अशी कमीजास्त.

एक्सएसएलटी २.० मध्ये हे सोपं आहे, ते ठाऊक आहे. पण इथल्या मशीनवर एक्सएसएलटीप्रोकच (फक्त १.० चालवणारा प्रोग्राम) आहे, २.० चा जावावर चालणारा प्रोग्राम घ्यावा तर जावा टाकता येत नाही. नोड-सेट एक्स्टेन्शन (एका फेरीचा निकाल पुढच्या फेरीत नोड म्हणून वापरू देणारी जोड) मात्र चालतं.

मग पहिल्या फेरीत नावं सॉर्ट करून प्रत्येक पावतीला ती जोडून एक अॅट्रिब्यूट लावायचा आणि दुसऱ्या फेरीत त्यावर की बांधायची, की क्रम न बघता एकाच फेरीत जमेल असं यूज एक्स्प्रेशन आहे?