मदत हवी आहे: जुन्या मॅसी ट्रॅक्टरला बोलेरोचं इंजिन बसवतोय
राम राम मंडळी. अमळनेरजवळ आमचं गाव. वडिलांची मॅसी १०३५ शेडमध्ये पडून होती, बोनेटवर कोंबड्या झोपायच्या. ट्रॉली ओढायच्या स्पर्धेसाठी तिला बोलेरोचं २५२३ सीसीचं डिझेल इंजिन बसवतोय.

अडचण अशी, या ट्रॅक्टरला वेगळी चासी नाही. इंजिनचा ब्लॉकच पुढचा एक्सल आणि गिअरबॉक्स धरून ठेवतो. तो काढला की सरळ दोन तुकडे! म्हणून दोन्ही बाजूंनी सी-चॅनल (इंग्रजी C आकाराच्या लोखंडी पट्ट्या) लावणार आहे. किती इंची घेऊ? पुढचं तोंड उचलून खाली आपटलं की सगळा मार त्याच्यावरच येणार.

दुसरं, अ‍ॅडाप्टर प्लेट, म्हणजे बोलेरोचं इंजिन मॅसीच्या गिअरबॉक्सला जोडणारी मधली प्लेट. लेथवाल्याने करून दिली, पण डायल गेज (फिरणारा भाग किती हलतो ते काट्यावर दाखवणारं माप) लावलं तर क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका सेंटरला नाहीत, काटा नुसता नाचतो. तो म्हणतो, "काही होत नाही भो, क्लच सांभाळून घेईल." मला नाही पटत, असं वाकडं फिरलं तर शाफ्टवरच्या स्प्लाइन (दातांच्या खाचा) खाऊन टाकेल. सेंटर जुळवून डॉवेल पिना (जागा पक्की धरणाऱ्या खिळ्या) ठोकू, की प्लेटच नवीन करू?

आणि हे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर सहज फिरतं, मॅसीचा गिअरबॉक्स तेवढं सोसेल का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. फोटो रात्री टाकतो, आत्ता लाइट नाही.