सिग्नलला गाडी थरथरते, आरपीएम खाली-वर

प्रश्न: जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. उभी राहिली की आरपीएम ५०० ते ११०० झोके खातो, एसी लावला की बंदच पडते. प्लग नवे टाकलेत. गॅरेजवाला म्हणतो, अख्खी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बदला. बदलू का?

उत्तर: थांबा हो, एवढ्यात खिशाला कात्री नको! थ्रॉटल बॉडीवरचा आयएसी व्हॉल्व्ह (आयडल एअर कंट्रोल, उभ्या गाडीत हवा सोडणारी झडप) आधी काढून बघा. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला हवा तिथून मिळते. काजळी धरली की व्हॉल्व्हचं टोक अडकतं. बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, जुन्या टूथब्रशवर थ्रॉटल क्लीनर घेऊन घासा. टोक बोटाने दाबू-ओढू नका, आतली मोटर बिघडते. ओ-रिंग (व्हॉल्व्हची गोल रबरी सील) कडक झाली असेल तर नवीच टाका.

दुसरं उत्तर: जोडल्यावर एसी, दिवे बंद ठेवून इंजिन गरम होऊ द्या. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) नवा आयडल, म्हणजे उभ्या गाडीचा आरपीएम, बसवायला वेळ लागतो. तरी झुललं तर व्हॅक्यूम पाइप बघा, चिरलेला असतो बऱ्याचदा.

प्रश्नकर्ता: काढला. टोकावर नुसतं डांबर! आता ८०० वर स्थिर, एसी लावूनही. ओ-रिंग मात्र शोधतोय.