आफ्रिकेतील महिला गटांचे मुलांसाठीचे काम : पैसा कोठून येतो?

मुलुंडकर
आमचे महिला मंडळ दर जूनमध्ये महापालिकेच्या शाळेत वह्या वाटते. वर्गणी जमते, फोटो निघतात आणि दिवाळीपर्यंत त्यातली किती मुले शाळेत टिकली, हे कोणी विचारत नाही. आफ्रिकेतील महिला गट अनाथ मुलांना वर्षानुवर्षे सांभाळतात असे वाचले. त्यांचा पैसा कोठून येतो आणि कोणत्या मुलाला मदत द्यायची हे कोण ठरवते?

शीवची वाचक
नायजरमध्ये १९९१ साली 'केअर' संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेले आणि पुढे आफ्रिकाभर पसरलेले बचतगट पाहावेत. तेथे पैसे सर्वांसमक्ष मोजून पेटीत ठेवतात; पेटीला तीन कुलपे असतात, किल्ल्या तिघींकडे आणि पेटी चौथीकडे, म्हणजे एकटीला ती उघडताच येत नाही. कर्जाऊ द्यायच्या बचतीपासून 'सामाजिक निधी' वेगळा ठेवतात आणि आजारपण, मयत, काही गटांत पोरक्या मुलाची फी हे खर्च त्यातून भागवतात. वर्षअखेरीस बचत व्याजासह वाटून घेतली जाते. मुलाची निवडही गटच करतो, कारण कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे शेजारणींनाच आधी कळते. आपल्या भिशीत असा वेगळा निधी नसतो. माझ्या मते खरी उणीव तीच आहे.

गिरगाव
बचतीने सगळे भागते, हे मात्र मला पटत नाही. केप टाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत २००१ साली 'ग्रँडमदर्स अगेन्स्ट पॉव्हर्टी अँड एड्स' ही आज्यांची संघटना उभी राहिली. कमावती मुले एड्सने गेली आणि नातवंडे म्हाताऱ्यांच्या पदरात पडली, अशा घरांत शिल्लक ती काय पडणार? तेथे आज्या आधी एकमेकींजवळ दुःख मोकळे करतात, आजाराची माहिती घेतात, शिवणकाम करून चार पैसे मिळवतात, आणि शाळा सुटल्यावर मुलांची देखभालही संघटनेत होते. अशा कामाला बाहेरची देणगी लागतेच. मात्र मूल आजीजवळच राहते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

भायखळा पूर्व
इतके दूर कशाला जायचे? आमच्या भायखळ्याच्या फुटपाथवरील बायकांची 'महिला मिलन' १९८६ पासून रोजची बचत करते, आणि १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील झोपडपट्टीवासी संघटनांनी ती पद्धत त्यांच्याकडूनच उचलली. अर्थात तो पैसा मुख्यतः घरासाठी आणि अडीनडीला होता, शाळेसाठी नव्हे.

मुलुंडकर
सर्वांचे आभार. सभासदांची बचत आणि देणगीचा पैसा एकाच खात्यात ठेवला तर चालेल का?

शीवची वाचक
ठेवू नये. मंडळ नोंदणीकृत असेल तर आधी लेखापरीक्षकांना विचारावे. देणगी मुलांच्या नावे घेतली असेल, तर तिचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळ्या वहीत लिहावा आणि दर सभेत मोठ्याने वाचून दाखवावा.