शब्दचर्चा : ‘कायमचे दात’ की ‘इम्प्लांटवरची कवळी’?

प्रश्न : आईचं तोंड पूर्ण बोळकं झालंय. खालची कवळी जेवताना उचलली जाते. डॉक्टरांनी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट घालून त्यांवर कवळी बसवायचं सुचवलंय. घरचे याला ‘कायमचे दात’ म्हणतात, माहितीपत्रकात ‘दंतरोपण’ आहे. योग्य शब्द कोणता? आणि कायमचे म्हणजे किती वर्षं?

प्रतिसाद : ‘दंतरोपण’ इथे दिशाभूल करतो. हाडात जातो तो टायटॅनियमचा स्क्रू. दात कवळीतच राहतात. कवळीच्या आतल्या बाजूला टिचबटणासारखी जोडणी असते, ती इम्प्लांटवर टच्कन बसते. रोज काढायची, घासायची, रात्री बाहेर ठेवायची. ‘इम्प्लांटवरची कवळी’ म्हटलं की हे सगळं न सांगता कळतं.

प्रतिसाद : मी याच कामातली आहे, म्हणून थोडं सविस्तर. ‘कायमचे’ म्हणताना काय टिकतं ते आधी वेगळं करायला हवं. स्वीडनमध्ये गोटेबोर्गला ब्रोनमार्क या संशोधकांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट घातले. ते २००६ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत कामात होते. (त्याचे दात मात्र काढता न येणारे, पक्के बसवलेले होते.) म्हणजे हाडात रुजलेला भाग दशकानुदशकं टिकू शकतो. कवळीचं तसं नाही. जोडणीतलं नायलॉन किंवा रबर झिजतं, ते बदलावं लागतं. हिरडी-हाड बदललं की कवळीला आतून नवा थर द्यावा लागतो. पुढे कवळीच नवी करावी लागते.

दीर्घ मुदतीच्या अभ्यासांत ‘सर्व्हायव्हल’ आणि ‘सक्सेस’ असे दोन आकडे येतात. मराठीत दोन्हींना ‘यश’ म्हणतात, ते मला खटकतं. पहिल्यासाठी ‘तगणे’ अगदी बरोबर आहे: इम्प्लांट तोंडात आहे, एवढंच. यशाच्या अटी कडक. १९८६ साली अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या निकषांनुसार इम्प्लांट हलता कामा नये, दुखणं किंवा संसर्ग टिकून राहता कामा नये आणि पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. तगलेला प्रत्येक इम्प्लांट यशस्वी नसतो. जाहिरातीत टक्केवारी दिसली की ती कशाची, हे विचारा.

प्रश्नकर्ता : मग दोन इम्प्लांट पुरतील?

प्रतिसाद : खालच्या जबड्याला, हो. २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी बोळक्या खालच्या जबड्यासाठी हीच पहिली निवड ठरवली. वरचं हाड भुसभुशीत. तिथे निकाल तितके चांगले नसतात आणि सहसा चार तरी लागतात. आईंना मधुमेह असेल किंवा तंबाखूची सवय असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. इम्प्लांटभोवती रोज नीट साफसफाई झाली नाही, तर हिरडी सुजून आतलं हाड झिजतं.

प्रतिसाद : एक शंका. संमतीपत्रात ‘दंतविहीन’ लिहितात. ‘बोळकं’ का नाही?

प्रतिसाद : आजीच्या तोंडाला नातवंडं प्रेमानं ‘बोळकं’ म्हणतात, पण अनोळखी डॉक्टरांनी म्हटलेलं पेशंटला लागतं. मी ‘सगळे दात गेलेत’ असं लिहिते. कुणालाही वाचून दाखवता येतं.