कानाला मशीन आहे, मॅन्युअल बीपीचे ठोके ऐकू येत नाहीत

लातूरची_पोरगी
बीएस्सी नर्सिंग, पहिलं वर्ष. सातवीपासून दोन्ही कानांना मशीन. वर्गात पहिल्या बाकावर बसून मॅडमच्या ओठांकडे बघत निभावतं. लॅबमध्ये मॅन्युअल बीपीला, म्हणजे दंडाला पट्टा बांधून स्टेथोने ठोके ऐकायला, मात्र घोडं अडलं. स्टेथो घालायचा तर मशीन काढावं लागतं, मशीनवरून दाबून घातला तर नुसती शिट्टी. मंगळवारी सगळ्या १२०/८० म्हणाल्या, मीही तेच सांगितलं. मॅडम 'गुड' म्हणाल्या. रात्रभर झोप नाही. पुढच्या महिन्यात वॉर्ड पोस्टिंग. कॉलेजला सांगू का? आई म्हणते, सांगितलंस तर घरी बसवतील.

नाइट_ड्यूटी_सिस्टर
अगं, बीपीचं होईल काहीतरी. माझा उजवा कान कामातून गेलेला, तरी १४ वर्षं मेडिकल वॉर्डात आहे. खरी पंचाईत फोनवरच्या ऑर्डरची. 'फिफ्टीन' की 'फिफ्टी'? मी 'वन-फाइव्ह' असा एकेक आकडा परत म्हणून घेते आणि मेसेज टाकायला लावते. काही डॉक्टर वैतागतात. वैतागू देत. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती घेताना, चांगला कान बोलणारीकडे, आणि कागदावर लिहिल्याशिवाय बेड सोडायचा नाही. मॉनिटरचा बारीक अलार्म मला ऐकू येत नाही, हे माझ्या जोडीदारणीला पहिल्याच दिवशी सांगितलंय.

श्रवणतज्ज्ञ_पुणे
तुमचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढून २५० आणि ५०० हर्ट्झचे आकडे बघा. बीपीचे ठोके खर्जातले असतात. तुमचा लॉस (ऐकण्यातली घट) वरच्या पट्टीतला असेल, तर मशीन काढून साध्या स्टेथोने ते ऐकू येण्याची बरीच शक्यता आहे. खर्जही गेला असेल, तर आवाज वाढवणारा इलेक्ट्रॉनिक स्टेथो घ्या. काही ब्लूटूथने हेडफोनला किंवा मशीनलाच जोडता येतात. महाग आहेत, आधी ऑडिओग्राम.
आणखी एक. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल लॉस असेल तर 'ऐकू कमी येणे' धरलंय. मशीन लावणाऱ्या कितीतरी जणांचा लॉस त्याहून कमी भरतो. तुमचा आकडा माहीत करून घ्या, मगच दिव्यांग प्रमाणपत्राचं बोला.

ट्यूटर_मॅडम
ऐकू येणाऱ्या पोरीही १२०/८० ठोकून देतात, हे आम्हाला कळतं बरं का. तू मात्र परत असं करू नकोस. लॅबमध्ये दोघींना एकदम ऐकता येणारा टीचिंग स्टेथो असतो, तो मागून घे आणि मॅडमसोबत पाच-सहा रीडिंग जुळवून बघ. नाडी धरून फक्त वरचं बीपी मिळतं, खालचं नाही, त्यामुळे त्यावर भागवायचं नाही. क्लास कोऑर्डिनेटरना पोस्टिंगच्या आधी सांग. वॉर्डात काही चुकल्यावर सांगितलंस तर लपवलं असंच म्हणतील.

लातूरची_पोरगी
जुना ऑडिओग्राम सापडला! २५० हर्ट्झला ३० डेसिबल, ४००० ला ७५, म्हणजे लॉस वरच्या पट्टीतलाच. काल मशीन काढून मैत्रिणीचं घेतलं. टक टक टक, अगदी स्पष्ट! मला ११६/७४, मॅडमना ११८/७४. मंगळवारचं खोटंही तिथेच सांगून टाकलं. त्या काही बोलल्या नाहीत, माझं प्रोसिजर बुक (प्रॅक्टिकलच्या नोंदींची वही) मागून घेतलं आणि मंगळवारची सही खोडली. सोमवारी परत डेमो.
सिस्टर, वॉर्डात सगळे मास्क लावून बोलतात तेव्हा तुम्ही काय करता?