रस्त्याचं नव्याने डांबरीकरण होणार आहे, सायकलसाठी नेमकं काय मागावं?

पायडल
एका मुख्य रस्त्याचा १.२ किमीचा तुकडा उखडून नव्याने डांबरी होणार आहे. रुंदी कर्बपासून (फुटपाथच्या कडेपासून) कर्बपर्यंत १२ मीटर. दोन्ही बाजूंना पार्किंग, मध्ये येण्याजाण्याची एकेक लेन. शाळा, बाजार आणि स्टेशन याच रस्त्यावर, त्यामुळे सायकली भरपूर. हौशी नव्हेत, रोज कामाला आणि शाळेला जाणाऱ्यांच्या. गटात आम्ही नऊजण आहोत. आधी सह्या गोळा कराव्यात, सायकल फेरी काढावी की थेट अभियंत्यांना गाठावं? आणि 'सायकल ट्रॅक हवा' एवढीच मागणी पुरेशी आहे का?

मोजपट्टी
सह्या नंतर. काम कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी काढा: आराखडा, अंदाजपत्रक, निविदा की कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा हुकूम). निविदा निघाली की बाबी आणि परिमाणं ठरून जातात, मग कर्ब इंचभरही हलत नाही. तेव्हा फक्त पट्टे बदलून मिळतात, कारण नव्या डांबरावर ते तसेही मारायचेच असतात. आराखडा अजून टेबलावर असेल तर नऊ माणसं पुरेशी आहेत. कार्यादेश निघाल्यावर नऊ हजार सह्यांनीही फारसं होत नाही.

'सायकल ट्रॅक हवा' ही मागणी नको. तिला 'जागा नाही' हे एका ओळीचं उत्तर मिळतं. रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे रस्ता आडवा कापला तर काय किती रुंद दिसेल ते चित्र, मिलिमीटर पेपरवर १:१०० ने काढून न्या, प्रत्येक पट्ट्याची रुंदी लिहून. मग चर्चा आकड्यांवर होते.

सोबत मोजणी हवी. मंगळवार ते गुरुवारमधला साधा दिवस, सुट्टी किंवा परीक्षेचा नाही. सकाळी ७ ते १०, संध्याकाळी ४ ते ७, दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना. विजेच्या दोन खांबांमधली रेषा मनात धरायची आणि ती ओलांडेल तीच सायकल मोजायची. प्रत्येक दिशेला एक माणूस. एकाने दोन्ही दिशा मोजल्या की गर्दीच्या वेळी हमखास चुकतं. रकाने: पुरुष, बाई, शाळकरी मूल, सामान लादलेली सायकल, फुटपाथवरून जाणारी, उलट्या दिशेने येणारी. शेवटचे दोन सगळ्यात कामाचे. फुटपाथवर चढलेली सायकल म्हणजे रस्त्याची भीती, उलटी येणारी म्हणजे जवळपास ओलांडायला जागा नाही. अधिकारी याला बेशिस्त म्हणतील. तुम्ही नकाशावर ठिपके मारून दाखवा. ते दोन-तीन ठिकाणीच दाटलेले दिसले की कारण रस्त्यात आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि आकडा कमी आला तर? लपवू नका, पण एकटाही देऊ नका. शाळेच्या आणि स्टेशनच्या स्टँडवर उभ्या सायकली मोजून शेजारी मांडा.

आडवा गज
वरच्याला +१. छेदात न दिसणाऱ्या पण डांबरीकरणात हमखास बिघडणाऱ्या गोष्टी सांगतो. या निविदेच्या अटींत हव्यात.

नवा थर चढतो, चेंबरची झाकणं जुन्याच पातळीवर राहतात. सायकल चालते नेमक्या त्याच रेषेत ४-५ सेंमीचा खड्डा तयार, तोही कोऱ्या रस्त्यावर. म्हणून 'झाकण आणि डांबर यांच्या पातळीत ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको' असं लिहून घ्या. तपासणी सोपी आहे. एक मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी झाकणावर आडवी ठेवा, खालच्या फटीत स्टीलची मोजपट्टी सरकवा, फोटो काढा. हे ठेकेदाराचं अंतिम बिल निघायच्या आत करा, नंतर कोणी येत नाही.

पावसाळी जाळीचे गज रस्त्याला समांतर असले की बारीक टायर आत जातो आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. गज आडवेच हवेत. पेव्हरने (डांबर पसरणाऱ्या यंत्राने) टाकलेल्या दोन पट्ट्यांमधला लांबीचा सांधाही सायकलच्या रेषेत येऊ देऊ नका, वर्षा-दोन वर्षांत तो उकलतो आणि चाक धरतो.

ट्रॅक जिथे रस्त्याला मिळतो तिथे कर्ब शून्य मिमी. २० मिमीची कड समोरून गेलं तर जाणवतही नाही, तिरकं गेलं की तीच पाडते. गतिरोधक लागलेच तर चढ-उतार लाटेसारखे हळूहळू हवेत, उभी कड नको.

चौक मात्र सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक आराखड्यांत ट्रॅक चौकाच्या ३० मीटर आधीच संपवलेला असतो, म्हणजे धोका सुरू होतो तिथेच! कोपऱ्याची त्रिज्या ९-१० मीटर असेल तर गाडी वेग न सोडता वळते. ती ४ मीटरपर्यंत आणा. मोठी वाहनं किती वळतात तेवढं आधी पाहून ठेवा, पहिला आक्षेप तोच येतो. सिग्नल असेल तर सायकलला ४-५ सेकंद आधी हिरवा मागा. त्यात बांधकाम काही नसतं.

चाकोरीबाहेर
दोन्हीकडचं पार्किंग काढा म्हटलं तर दुकानदार पहिल्याच बैठकीत विषय संपवतील. एका बाजूचं ठेवून बसत नाही का?

मोजपट्टी
बसवून पाहू. दोन लेन ३ मीटरच्या = ६. पार्किंग २. उघडणाऱ्या दारासाठी ०.८. दोन ट्रॅक १.५ चे = ३. बेरीज ११.८. दुसऱ्या बाजूचा ट्रॅक आणि चालती गाडी यांच्यात उरले २० सेंमी, त्यात गाड्या अडवणारा धड खुंटही बसत नाही. शिवाय १.५ मीटरमध्ये एक सायकल दुसरीला ओलांडू शकत नाही, त्यामुळे वेगवान मंडळी परत रस्त्यावर येतात आणि 'ट्रॅक कोणी वापरतच नाही' हे ऐकावं लागतं.

दोन्हीकडचं पार्किंग काढलं तर: लेन ६, ट्रॅक २+२, मध्ये अर्धा-अर्धा मीटर. एकूण ११, उरलेला मीटर फुटपाथला. हाच छेद मागा. रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या दारांना चिकटून नुसता पांढरा पट्टा मारून देऊ म्हणाले तर स्पष्ट नाही म्हणा. तो सायकलला बरोबर दार उघडतं त्या पट्ट्यात नेतो.

हिशेबी
दुकानदारांसाठी पार्किंगची मोजणी वेगळी करा. दर अर्ध्या तासाला एक फेरी, प्रत्येक गाडीच्या नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे. सकाळी ९ ते रात्री ८. कोणती गाडी किती वेळ हलली नाही ते लगेच कळतं. दिवसभर ठाण मांडलेल्या गाड्या ग्राहकांच्या नसतात, पुष्कळदा त्याच दुकानांतल्या लोकांच्या असतात. कागद आधी दुकानदारांनाच दाखवा, बैठकीत सगळ्यांदेखत नको. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये २००६ च्या पाहणीत दुकानदारांचा अंदाज होता ४१ टक्के ग्राहक गाडीने येतात. ग्राहकांना विचारलं तेव्हा २२ टक्के निघाले. माल उतरवायच्या जागा मात्र आडगल्लीच्या तोंडाशी आखून द्या. ती तक्रार खरी असते.

पायडल
सगळ्यांचे आभार. आराखडा अजून मंजूर नाही, एवढं आज कळलं. दोन्हीकडचं पार्किंग एकदम काढायला कोणी तयार होईलसं वाटत नाही. तात्पुरता प्रयोग मागावा का?

आडवा गज
मागा, पण डांबरीकरणाच्या आधी, जुन्या रस्त्यावर. नव्यावर खुंट ठोकायला कोणी परवानगी देत नाही. कालावधी निदान सहा महिने. पहिल्या महिन्यात सगळेच वैतागलेले असतात आणि प्रयोग तेव्हाच गुंडाळला जातो. लवचिक खुंट दर ३ मीटरला. ५-६ मीटरवर लावले की मधून गाडी आत घुसते आणि ट्रॅकचं पार्किंग होतं. झाडलोट कोण करणार ते आधीच लिहून घ्या, झाडणारं मोठं यंत्र दोन मीटरमध्ये बहुधा शिरत नाही. काच आणि खडी साठली की पंधरा दिवसांत सायकली बाहेर.

यश कशावरून ठरवायचं तेही सुरुवातीलाच कागदावर आणा: सायकलींची संख्या, त्यात मुलं आणि बायका किती, फुटपाथवरच्या सायकली किती घटल्या, गाड्यांचा वेग. नाहीतर शेवटी 'रहदारी तुंबली' एवढ्या एका वाक्यावर निकाल लागतो.

चाकोरीबाहेर
फेरीबद्दल कोणी बोललंच नाही. तिचं काम दबाव टिकवणं एवढंच. नेदरलँड्समध्ये सत्तरच्या दशकात मुलांच्या अपघाती मृत्यूंवरून आंदोलनं पेटली, पण तिथल्या ग्रोनिंगेन शहराने १९७७ मध्ये केंद्रभागाचे चार भाग करून गाड्यांना एकातून दुसऱ्यात थेट जाणं बंद केलं, ते नकाशावर आखणी करून. फेरी काढायचीच तर आराखड्याच्या बैठकीच्या आदल्या रविवारी, याच १.२ किमीवर, मुलांना घेऊन. हातात फलक कमी, छेदाचं चित्र मोठं.

हिशेबी
आणि बैठकीला नऊच्या नऊ जाऊ नका. तिघं पुरे: एक आकडे सांगणारा, एक चित्र दाखवणारा, एक टिपून घेणारा. संध्याकाळच्या आत 'आज अमुक ठरलं' असा ईमेल अधिकाऱ्यांना जाऊ द्या. पुढे माणसं बदलतात तेव्हा तोच ईमेल कामी येतो.